हलगीला कातडं चढवायचं तर

हलगीचं कातडं कमावलेलं नसतं, कच्चं असतं. पुढचं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे. वहाणेचं किंवा जुन्या मोटेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवलेलं असायचं. त्या तुरट रसानं कातड्याचे तंतू कायमचे बांधले जातात, म्हणून ते भिजून वाळलं तरी मऊ राहतं. कच्च्या कातड्याचं तसं नाही. ओलं असताना ते फडक्यासारखं ताणलं जातं आणि वाळताना आकसून पत्र्यासारखं ताठ होतं. हलगीचा ताण या आकसण्यातूनच येतो. चपलेच्या दुकानातून कमावलेला तुकडा आणून कड्यावर (हलगीच्या गोल चौकटीवर) चढवलात, तर कितीही ओढा, आवाज भद्दच येणार.

सातारा-सांगलीकडं कातड्याच्या जागी प्लॅस्टिकची पानं (पान म्हणजे कड्यावर ताणलेला, वाजवायचा पडदा) आता सर्रास दिसतात. मिरवणुकीत पाऊस आला तरी ती वाजत राहतात, हे खरं. पण कुस्तीच्या मैदानात घुमकं या तालवाद्याच्या जोडीनं हलगी कडाडते तेव्हा त्या आवाजाच्या पोटात जो भराव असतो, तो कातड्याशिवाय येत नाही. ही कला मातंग कलावंतांनी आणि कातड्याचं काम करणाऱ्या चर्मकार, ढोर कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. तुमच्या गावात असा जाणता माणूस असेल तर आधी त्यांच्याकडं जा आणि ते सांगतील ती मजुरी घासाघीस न करता द्या. कुणीच नसेल तर पुढं वाचा.

कोणतं कातडं घ्यायचं

शेळीचं किंवा बोकडाचं, पूर्ण वाढलेल्या जनावराचं. करडाचं फार पातळ असतं, टिपरूखाली (वाजवायच्या काडीखाली) टिकत नाही. जत-आटपाडीकडं मेंढरं मुबलक, म्हणून मेंढीचं कातडं फुकटात मिळतं आणि मोह होतो. तो टाळा. मेंढीच्या कातड्यात वरचा थर आणि खालचा थर यांच्यामध्ये चरबी असते. वाजवून वाजवून ते दोन थर सुटे होतात आणि पान फुगल्यासारखं दिसायला लागतं. माडग्याळ मेंढी कितीही दणकट असली तरी तिचं कातडं या कामाचं नाही.

कातडं उजेडासमोर धरून बघा. सोलताना सुरी लागलेली जागा तिथं पांढुरक्या रेघेसारखी दिसते. आज ती रेघ आहे, ताण बसला की तिथंच फाटेल. पाठीच्या कण्याची रेषा पानाच्या मधोमध येईल असा भाग निवडा, म्हणजे दोन्ही बाजूंची जाडी सारखी मिळते. पोटाकडचा भाग सैल आणि लवचीक असतो, तो पानात येऊ देऊ नका.

त्याच दिवशी काम सुरू होणार नसेल तर कातड्याच्या आतल्या बाजूला मीठ चोळा. १ किलो कातड्याला ४०० ग्रॅम जाडं मीठ लागतं. मानेचा भाग जाड असतो, तिथं हात आखडू नका. मीठ कमी पडलं की दोन दिवसांत केस हातात यायला लागतात. काम सोपं झालं असं वाटतं, पण ते कातडं सडायला लागलेलं असतं.

घोरपडीबद्दल एकदाच आणि स्पष्ट सांगतो. खंडोबाच्या वाघ्यांच्या दिमडीला, म्हणजे हातात धरायच्या लहान डफाला, पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. दक्षिणेतल्या खंजिऱ्यालाही तेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. तिची शिकार आणि तिच्या कातड्याची खरेदी-विक्री दोन्ही गुन्हे आहेत. दिमडीही शेळीच्या पातळ कातड्यावर उत्तम वाजते.

भिजवणं आणि चुना

मिठातलं कातडं आधी भरपूर पाण्यात १२ ते २४ तास भिजवा. दोनदा पाणी बदला. उन्हाळ्यात भिजवायचं टिप (पिंप) सावलीत ठेवा आणि दर ५-६ तासांनी पाणी बदला, नाहीतर वास मारायला लागेल. हाताला ते ताज्या कातड्याइतकं लुसलुशीत लागलं की भिजलं.

केस काढायला चुना. कळीचा चुना आदल्या दिवशीच विरवून गार करून ठेवा. विरताना तो उकळतो, म्हणून पातळ प्लॅस्टिकच्या बादलीत विरवू नका आणि डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे घालूनच जवळ जा. १० लिटर पाण्याला विरलेल्या चुन्याची ६०० ग्रॅम पूड, हे प्रमाण. कातडं पूर्ण बुडालं पाहिजे. वर तरंगणारा भाग डागाळतो. चुना तळाशी बसतो, म्हणून दिवसातून दोनदा काठीनं ढवळा.

दिवस मोजण्यापेक्षा केस बघा. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस, थंडीत चार-पाच. मानेजवळचे केस चिमटीत धरून ओढा. मुळासकट, न तुटता, लोण्यातून आल्यासारखे आले की कातडं बाहेर काढा. मान सगळ्यात शेवटी सुटते, त्यामुळे तिथं सुटले म्हणजे सगळीकडं सुटले. "अजून एक दिवस राहू दे" हा विचार इथं घात करतो. चुन्यात जास्त राहिलेलं कातडं फुगतं, तंतू सैल होतात आणि पान पुढं कधीच टणक बोलत नाही.

गुळगुळीत गोल ओंडका तिरका टेकवून त्यावर कातडं पसरा आणि बोथट सुरीनं केस खरवडून काढा. मग उलटं करून आतली चिकट झिल्ली, मांसाचे कण आणि चरबी काढा. इथं चामडं कापायची धारदार रापी नको, एका चुकीच्या हातानं पान जातं. चरबी राहिली तर त्या जागी कातडं पिवळं, तेलकट राहतं आणि पान तिथं मुकं होतं.

आता चुना बाहेर काढायचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि बरेच जण इथंच हात आखडता घेतात. २४ तासांत चार-पाच वेळा पाणी बदला. मग १० लिटर पाण्यात १०० मिली साधं व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवा आणि पुन्हा स्वच्छ धुवा. चुना राहून गेला तर हवेनं त्याची खडूसारखी भुकटी होते, कातड्यावर पांढरे डाग उठतात आणि तिथं ते ठिसूळ होतं. चुन्याचं पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. खड्ड्यात जिरवा.

कडं आणि कापणी

माप १३ इंच व्यासाच्या, अडीच इंच रुंदीच्या कड्याचं धरून सांगतो, तुमच्या कड्याप्रमाणं बदला. कडं फरशीवर ठेवून चारी बाजूंनी दाबा. डुगडुगलं तर आधी ते सरळ करा, कारण वाकड्या कड्यावर पान एका बाजूला ढिलं राहतंच. कातडं ज्या काठावरून वळणार तो काठ कानशीनं गोल करा. लोखंडी कडं असेल तर गंज घासून रंग द्या आणि रंग पुरता वाळू द्या. ओलं कातडं उघड्या लोखंडाला लागलं की गंज धरतो आणि नेमकं काठावर कातडं खातो. काठावर फुटलेल्या बऱ्याच हलग्यांचं कारण हेच.

कातडं २१ इंच व्यासाचं गोल कापा. कडेपासून १ इंच आत, अडीच-अडीच इंचांवर २४ भोकं पाडा. भोकं गोल पंचानं पाडा. चीर दिली तर ती ओढताना पुढं पळते. उरलेल्या मानेच्या भागातून ११ इंचांची चकती घ्या आणि बाहेरून आत गोल गोल कापत ७-८ मिलिमीटर रुंदीची वादी, म्हणजे पान ओढून बांधायची पट्टी, काढा. सुमारे २५ फूट निघते आणि तेवढी पुरते. वादीत कुठं बारीक जागा असेल तर ती आधीच तोडून गाठ मारा. ओढताना तुटली तर सगळं पुन्हा करावं लागतं.

चढवणं

केसांची बाजू खाली करून ओलं पान फरशीवर पसरा. मधोमध कडं ठेवा. चार दिशांना सुतळीनं तात्पुरतं बांधून पान जागेवर धरा. पाठीमागं मधोमध २ इंचांची लोखंडी कडी येईल. वादीचं टोक कडीला बांधा, वादी पहिल्या भोकातून घेऊन परत कडीत, मग दुसऱ्या भोकात, अशी सगळी फेरी सैलच पुरी करा. दुसऱ्या फेरीत ढील काढत जा आणि सुतळ्या सोडा. तिसऱ्या फेरीत बेताचा ताण द्या आणि गाठ मारा. प्रत्येक फेरीनंतर कडी मधोमध आहे का बघा. ती सरकली म्हणजे एका बाजूला ओढ जास्त झाली.

किती ओढायचं? ओल्या पानावर सुरकुती नसावी, आणि मधोमध बोटानं दाबलं तर ते पाव ते अर्धा इंच खाली जावं. एवढंच. ओलं असतानाच हलगी वाजावी अशी ओढली, तर वाळताना आणखी आकसून भोकं फाडेल किंवा हलकं लाकडी कडं वाकवेल. नवख्याच्या हातून सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे.

ओढायला वादीच हवी असं नाही. दिमडीसारख्या लहान वाद्याला कातडं चिकटवता येतं. तमिळनाडूत पराई या डफासारख्या वाद्याला चिंचोक्याच्या खळीनं कातडं चिकटवतात. आपल्याकडचे धनगर घोंगडीला जी खळ देतात तीच ही. चिंचोके भाजून, टरफल काढून, रात्रभर भिजवून वाटा आणि १०० ग्रॅम वाटणाला अर्धा लिटर पाणी घालून चमचा उभा राहीपर्यंत शिजवा. खळ गार झाल्यावर लावा. गरम लावलीत तर कातडं तिथंच आकसतं. जपानी लोक मोठ्या ताइको ढोलाला कातडं खिळ्यांनी ठोकतात, आयर्लंडच्या बोधरानला शेळीचंच कातडं कड्यावर खिळ्यांनी बसवायची जुनी रीत आहे. बांधणी कोणतीही असो, कातडं ओलं चढवायचं आणि सावकाश वाळवायचं, हे सगळीकडं सारखं.

वाळवणं

सावलीत, आडवी, तीन डब्यांवर टेकवून ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागते. दोन-तीन तासांनी उलटी करा. पहिली रात्र पानाच्या मध्यावर ओलसर फडकं असू द्या, कारण मधलं पातळ कातडं आधी वाळतं आणि घडी पडलेली कड ओलीच राहते. मध्य आधी आकसला की तो कडेचं ओलं कातडं आत ओढून घेतो आणि पान असमान होतं. माण, खटाव, जतकडं चैत्र-वैशाखात हवा इतकी कोरडी असते की उघड्यावर ठेवलेलं पान एका दुपारी तडकू शकतं. पाटण-महाबळेश्वरच्या बाजूला उलटा त्रास. श्रावणात तिकडं हे काम काढूच नका, वाळण्याआधी बुरशी धरेल. थंडी सरता सरता केलेलं पान सगळ्यात चांगलं बसतं. खंडोबाच्या पालीच्या यात्रेसाठी हलगी हवी असेल तर ती पौषात, त्यामुळं कार्तिक-मार्गशीर्षातच काम हातावेगळं करा. भिजवण्यापासून वाळेपर्यंत आठ-दहा दिवस जातात, पंधरा हाताशी धरा.

तिसऱ्या दिवशी काठापासून बोटभर आत टिचकी मारत गोल फिरा. एखाद्या जागी आवाज उतरला तर तिथली वादी काठी घालून पीळ द्या.

शेकणं

वाजवण्याआधी हलगी आगीवर शेकतात, ती कातड्यानं हवेतून ओढलेली ओल काढायला. ज्वाळेपासून दीड-दोन फूट लांब धरा, सतत फिरवत राहा, दोन-तीन मिनिटांत आवाज चढतो. तळहात पानाला लावून बघा. सहन होणार नाही इतकं गरम झालं तर थांबा. खंजिरावाले याच्या अगदी उलट करतात, आतून पाणी शिंपडून आवाज उतरवतात.

पावसात भिजलेली हलगी मात्र थेट आगीवर कधीच धरू नका. ओलं कातडं साठ-पासष्ट अंशांच्या आसपास कायमचं आकसतं, चुन्यातून काढलेलं त्याहून थोडं आधीच. त्याचे तंतू आखडतात, कातडं रबरासारखं होतं आणि कितीही भिजवलं तरी पूर्ववत होत नाही. आधी सावलीत पूर्ण वाळू द्या, मगच शेका.

हंगाम संपला की वादीचा पीळ सोडा, सुती कापडात गुंडाळून उंदीर पोचणार नाहीत अशा कोरड्या जागी टांगा, सोबत कडुनिंबाचा पाला ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत घाम धरतो. पानाला तेल लावू नका, आवाज बसतो. लहान भोक पडलं तर त्याच जाडीच्या कातड्याचं ठिगळ आतून खळीनं लावा, ते एखादा हंगाम काढेल. चीर काठापर्यंत गेली असेल तर ठिगळानं भागत नाही. मग पान काढा. वादी कापू नका, हलगी रात्रभर पाण्यात ठेवलीत की गाठी आपोआप सैल होतात आणि तीच वादी नव्या पानाला चालते.