जुन्या बेलरची डावी गाठ सुटत होती: माझा अनुभव

बेलर म्हणजे काडाचे गठ्ठे बांधणारं यंत्र. त्यावर गव्हाचं काड बांधताना दर चौथा-पाचवा गठ्ठा डावीकडून उकलायचा. सुतळीच्या एकाच टोकाला गाठ, दुसरं टोक साफ कापलेलं, कुठेही पिंजलेलं नाही. सुतळी बदलली, नवा चाकू बसवला; दोन दिवस गेले, जीव कातावला.

दोष सुतळी धरणाऱ्या चकतीच्या सैल पकडीत होता. ट्रॅक्टर बंद करून किल्ली खिशात ठेवली, पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद बेलरला देणारा फिरता दांडा) काढला. चकतीतला भुसा काढला. गाठ मारणारी चोच गंजली होती; बारीक पॉलिश पेपरने ती नखाला खरखर लागेनाशी होईपर्यंत घासली. मग पकडीच्या स्प्रिंगचा बोल्ट पाव फेरा आवळला. फ्लायव्हील (बेलरचं जड चाक) हाताने, चालतं त्याच दिशेने फिरवून गाठ पाहिली. अजून पाव फेरा लागला. जास्त आवळू नका, सुतळी चकतीतच तुटते. उरलेल्या रानात एकही गाठ सुटली नाही.