बोल्टच्या बिनला कार्ड लावताना

घरी गॅसचे दोन सिलिंडर असले की आपण काय करतो? पहिला संपला, दुसरा लावला आणि लगेच नंबर लावला. महिन्याचा अंदाज कोणी बांधत बसत नाही. कानबान, म्हणजे कार्डावरून माल मागवायचं तंत्र, तसंच चालतं. टोयोटात ताइची ओनो यांनी 1950च्या दशकात ते बसवलं, अमेरिकेतल्या सुपरमार्केटच्या धर्तीवर: गिऱ्हाइकानं उचललं तेवढंच फळीवर पुन्हा भरायचं.

भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये मी 22 वर्षं स्टोअर सांभाळतोय. माझं ऐका, सुरुवात नट-बोल्टपासून करा. खप रोज साधारण सारखा असलेला आयटम घ्या. तीन महिन्यांतून एकदा लागणाऱ्या कास्टिंगला हे लावू नका.

आमच्याकडे एम-8चे, म्हणजे 8 मिलिमीटर जाडीचे, बोल्ट रोज 400 लागतात. प्रत्येक बिनला, म्हणजे डब्याला, एक कार्ड; बिन उघडला की ते पेटीत टाकायचं, तीच नव्या बिनची ऑर्डर. आता दिवस मोजा. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. सप्लायर म्हणतो, “दोन दिवसांत माल देतो.” पण मोजायचं ते कार्ड पेटीत पडल्यापासून नवा बिन रॅकवर चढेपर्यंत. दुपारी पडलेलं कार्ड संध्याकाळी गोळा होतं, पर्चेसकडे सकाळी जातं, आलेला माल तपासणीला थांबतो. पंधरा दिवस वहीत वेळा लिहिल्या, तेव्हा दोनाचे तीन दिवस निघाले.

तीन दिवस, वर एक दिवस हाताशी. 4 गुणिले 400, म्हणजे 1600 बोल्ट. एकाच बिनमध्ये भरले तर वीस किलोच्या वर जातात, उचलणाऱ्याची कंबर धरते. म्हणून 400-400चे चार बिन, चार कार्डं. कार्डावर आयटम कोड, नग, रॅक नंबर, सप्लायर आणि ‘4 पैकी 2’ असा क्रमांक टाका. कार्ड हरवलं तर त्या क्रमांकावरूनच कळतं. नवा बिन रॅकच्या मागून सरकवा, जुना पुढून निघू दे.

कार्ड काढायचं बिनमधला पहिला बोल्ट उचलताना. शेवटचा उचलताना नव्हे. पहिल्याच महिन्यात आमची लाइन दीड तास थांबली होती. दोन कार्डं ऑपरेटरच्या एप्रनच्या खिशात निघाली. म्हणाला, “काका, बिन संपल्यावर टाकणारच होतो.” त्याला काय बोलणार? पहिल्या बोल्टचं मी त्याला नीट सांगितलंच नव्हतं, आणि पेटी बारा पावलांवर होती. तिला लाल रंग दिला आणि रॅकलाच ठोकली, कमरेच्या उंचीवर. आजही शिफ्ट सुटताना मी बिनवरची, पेटीतली आणि ऑर्डरला गेलेली कार्डं मोजतो. बेरीज चार यायलाच हवी.

कार्डाशिवाय ऑर्डर नाही, हे पर्चेसला पहिल्या दिवशीच सांगा. सूट मिळाली म्हणून पाच हजार बोल्ट एकदम आणले की सगळी घडी विस्कटते. यावरून मी मालकांशीही भांडलोय.

रॅकवर न उघडलेला एकच बिन दिसायला हवा. दोन-दोन राहायला लागले, तर माल लवकर यायला लागलाय. मग एक कार्ड काढून मी ड्रॉवरमध्ये ठेवतो, आणि आठवडाभर रोज दोनदा रॅकपाशी जाऊन बघून येतो.