प्रायव्हेट डीएनएस एकदा चालू करून ठेवा की

नवी पेठेत चादरी बघायला गेलं की दुकानातलं फुकटचं वायफाय आपण जोडतोच, पण साधं डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा नंबर शोधून देणारी सोय) म्हणजे उघडं पोस्टकार्ड ओ, कुठल्या साइटचा पत्ता विचारला ते मधल्या कुणालाही वाचता येतं. प्रायव्हेट डीएनएस हेच विचारणं बंद पाकिटात घालतं. अँड्रॉइड 9 किंवा पुढचा फोन असेल तर सेटिंग्जमध्ये सर्च करा 'प्रायव्हेट डीएनएस' (प्रत्येक कंपनीनं वेगळ्याच कोपऱ्यात लपवलंय), मग होस्टनेमचा पर्याय निवडून डीएनएस डॉट क्वाड9 डॉट नेट (क्वाड9 ही एक डीएनएस सेवा) इंग्रजीत टाका (dns.quad9.net), सेव्ह करा, झालं. फसव्या साइटीपण अडवतं म्हणून मला हेच बरं वाटतं. तिथं क्वाड9चा पत्ता 9.9.9.9 असा आकड्यांत घेत नाही, मी दहा मिनिटं त्यातच घालवली. 'ऑटोमॅटिक'वर विसंबू नका, समोरचा सर्व्हर साथ देत नसेल तर ते गुपचूप साध्यावर जातं.

हे व्हीपीएन (फोनची सगळी ये-जा झाकणारी सोय) नाही बरं का, आयपी म्हणजे नेटवरचा नंबर दिसतोच आणि बऱ्याचदा साइटचं नावही. आणि लॉजच्या वायफायचं लॉगिन पेज उघडेना झालं तर राउटरला शिव्या देऊ नका, हे दोन मिनिटं बंद करा, लॉगिन झालं की परत चालू.