विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकताना: वही नको, शेवटचा नळ बघा

‘आज टीसीएल टाकली’ एवढं वहीत लिहिलं की पाणी शुद्ध झालं, असं बऱ्याच ग्रामपंचायतींत धरून चालतात. मी मेळघाटात आरोग्य सेवक आहे. पावसाळ्यात गावाच्या पाण्याचं खरं काय ते मला गावाच्या टोकाच्या घरातला नळ सांगतो, वही नाही. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत नळाचं पाणी बंद होतं, लोकांनी उघड्या विहिरीचं पाणी प्यालं, कॉलराची साथ आली आणि माणसं दगावली. कॉलराचा जंतू क्लोरीनपुढे टिकत नाही, म्हणून तर ती मरणं अजून मनाला लागतात. नवीन जलसुरक्षकांना, म्हणजे गावाचं पाणी शुद्ध करायचं काम बघणाऱ्यांना, मी जे प्रत्यक्ष करून दाखवतो, तेच इथे लिहितो.

आधी पावडर तपासा. पोतं उघडलं की नाकाला झोंबणारा वास यायला हवा. वास नाही, गोळे झालेत, ओल धरलीय, तर तो नुसता चुना समजा. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नाही. शंका आली तर प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत नमुना प्रयोगशाळेत पाठवा. पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये, सावलीत आणि जमिनीपासून वर ठेवा. कार्यालयाच्या कोपऱ्यात तोंड उघडं टाकलेलं पोतं महिनाभरात निकामी होऊ शकतं, आणि पैसे मात्र गावाचे जातात.

आता पाणी मोजायचं. अंदाजाने ‘दोन मुठी’ टाकणं आजपासून बंद. एका दोरीला दगड बांधा, दर मीटरला गाठ मारा आणि दगड तळाला टेकेपर्यंत सोडा. वर ओढल्यावर जेवढी दोरी ओली, तेवढी पाण्याची खोली. गोल विहिरीसाठी हिशेब सोपा आहे: व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ७८५, आलं ते लिटर. व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल तर सुमारे ३७,७०० लिटर. पावसाळ्यात आम्ही १,००० लिटरला ५ ग्रॅम धरतो, म्हणजे इथे साधारण १९० ग्रॅम. हीच विहीर भरून पाणी ५ मीटर झालं की ३१५ ग्रॅम लागतात. मे महिन्यातलं माप जुलैत चालत नाही, म्हणून दोरी विहिरीजवळच टांगून ठेवा.

पावडर थेट विहिरीत फेकू नका. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. थोड्या पाण्यात कालवून पातळ लापशीसारखं करा, मग पाऊण बादली पाणी घालून काठीने ढवळा आणि दहा मिनिटं हात लावू नका. चुना खाली बसतो, वर निवळ राहते. क्लोरीन त्या निवळीत असतो. निवळ अलगद दुसऱ्या बादलीत ओता, खालचा चुना विहिरीत जाऊ देऊ नका. मग निवळीची बादली दोरीने पाण्याखाली सोडा आणि वर-खाली, चारी बाजूंना हलवा, म्हणजे औषध तळापर्यंत पोचेल. नाक-तोंडाला रुमाल आणि हातात मोजे हवेतच. हे काम संध्याकाळी, बायांचं पाणी भरून झाल्यावर करा. निदान एक तास कोणी पाणी उपसायचं नाही. रात्रभर वेळ मिळाला तर सकाळी वासही कमी येतो. वास हा छोटा मुद्दा समजू नका. पाण्याला वास आला की आमच्याकडच्या बाया हंडा घेऊन नाल्यातल्या झिऱ्यावर जातात, आणि मग सगळी मेहनत वाया. पाणी गढूळ असेल तर गाळ क्लोरीन खाऊन टाकतो, तेव्हा डोस वाढवावा लागतो आणि पुन्हा तपासावं लागतं.

आता ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते पिवळ्या रंगावरून दाखवणारी तपासणी. हाच या कामाचा जीव. नळीत पाणी घ्या, किटवर लिहिलंय तेवढे थेंब टाका आणि लगेच रंग बघा. उशीर केला तर रंग गडद होत जातो आणि फसवतो. तपासलेलं पाणी लांब ओतून द्या, प्यायचं नाही. विहिरीवर तासाभरानंतर लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला हवा, घरच्या नळाला निदान ०.२. रंगच आला नाही तर डोस पुन्हा द्या.

नळयोजना असेल तर टाकीजवळच्या घरी एक टेस्ट आणि सगळ्यांत शेवटच्या घरी दुसरी. टाकीजवळ पिवळा रंग आणि टोकाला बिनरंगी पाणी दिसलं तर पावडर वाढवत बसू नका, पाइपलाइनवरून चालत जा. आमच्याकडे पाणी दिवसातून थोडा वेळच सुटतं. बाकी वेळ पाइप रिकामा असतो आणि फुटक्या सांध्यातून नालीचं पाणी आत ओढतो. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात साचलेलं पाणी, नालीतून नेलेली घरगुती जोडणी, तोटी नसलेला नळ, हे आधी शोधा. माझ्या मते साथीचं मूळ निम्म्याहून जास्त वेळा याच खड्ड्यांत सापडतं, आणि एप्रिल आणि ऑक्टोबरमधल्या पाण्याच्या स्वच्छता सर्वेक्षणात गावाला लाल कार्ड, म्हणजे पाणी धोक्याचं असल्याचा शेरा, मिळतं तेही अशाच गोष्टींमुळे.

एकाच वस्तीत एका दिवशी दोघा-तिघांना जुलाब लागले तर वाट पाहू नका. आधी पाण्याचा नमुना घ्या आणि मगच टीसीएल टाका, नाहीतर प्रयोगशाळेला काहीच सापडणार नाही. आशाताईंना घरोघरी पाठवा: ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, लहान मुलांना सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस, आणि घरच्या हंड्यात मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचं द्रावण. डोळे खोल गेलेत, लघवी बंद आहे, असा रुग्ण घरी ठेवायचा नाही, गाडी बोलवा. आरोग्य केंद्राला फोन करताना तीन गोष्टी सांगा: वस्ती कोणती, किती जण आजारी, आणि ते कुठलं पाणी पितात.