जँगो वापरून वाचनालयाची देवघेव वही वेबवर कशी आणावी

वाचनालयाच्या देवघेवीच्या वहीत मुळात तीनच गोष्टी असतात: पुस्तकं, सभासद आणि कोणी कोणतं पुस्तक कधी नेलं. तीच वही वेबवर आणायची म्हटलं की काम फुगत जातं. लॉगिन हवं, पासवर्ड जपायला हवेत, फॉर्ममध्ये कोणी काहीबाही भरलं तर ते अडवायला हवं, शोधायची सोय हवी. यातलं बहुतेक काम वाचनालयाचं नाहीच. ते कुठल्याही वेबसाइटला लागतं. फ्रेमवर्क हे सगळीकडे लागणारं काम करून ठेवतं आणि उरलेला कोड कुठे लिहायचा ते ठरवून देतं.

इथे उदाहरणाला पायथन भाषेतलं जँगो घेतलं आहे. ते जन्मलं वर्तमानपत्राच्या कचेरीत. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या दैनिकात २००३ मध्ये एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी त्याची सुरुवात केली आणि २००५ च्या जुलैत ते सर्वांसाठी खुलं झालं. बातमीदारांना आज हवी असलेली सोय आजच द्यायची, अशा घाईत ते घडलं. त्याच्या बऱ्याच गुणांचं मूळ तिथे आहे.

लेखातल्या आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. संगणकावर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. जँगोच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला न उच्चारला जाणारा डी आहे, तो विसरू नका.

पायरी १: आवृत्ती ठरवा

आधी प्रकल्पासाठी स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रकल्पापुरता पायथनचा वेगळा कप्पा, बनवा आणि त्यात पिप हे पायथनची पॅकेजं बसवणारं साधन वापरून जँगो बसवा. आवृत्तीचा आकडा न देता बसवलं तर सर्वांत नवी आवृत्ती येते. वाचनालयासारख्या, वर्षानुवर्षं फारसं कोणी हात लावणार नाही अशा कामाला दीर्घकालीन आवृत्ती बरी. ५.२ ही तशी आवृत्ती आहे: एप्रिल २०२५ मध्ये आलेली, एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणारी. तिला पायथन ३.१० किंवा त्यापुढचं लागतं. नवख्यांना हा तपशील बिनमहत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याचा जुना प्रकल्प सांभाळलेला माणूस मात्र आधी आवृत्तीच विचारतो.

मग स्टार्टप्रोजेक्ट आणि स्टार्टअ‍ॅप या दोन आज्ञा द्या. फोल्डर आणि फाइली आपोआप तयार होतात. रनसर्व्हर चालवून ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचं ८००० क्रमांकाचं पोर्ट उघडा. रॉकेटचं चित्र दिसलं की बसवणं झालं.

सेटिंग्जच्या फाइलीत दोन ओळी लगेच बदला. टाइमझोन यूटीसी असतो, तो एशिया/कोलकाता करा. भाषेचा कोड मराठीचा, म्हणजे एम-आर, द्या. जँगोच्या स्वतःच्या बटणांची आणि सूचनांची मराठी भाषांतरं त्यात आहेत. काही शब्द इंग्रजीत राहिलेले दिसले तर सेटिंग चुकलं असं समजू नका.

पायरी २: वहीचे रकाने म्हणजे मॉडेल

मॉडेल्सच्या फाइलीत तीन क्लास लिहा: पुस्तक, सभासद, देवघेव. पुस्तकाला नाव, लेखक, दाखल क्रमांक. सभासदाला नाव आणि फोन. देवघेवीला नेल्याची तारीख आणि परत केल्याची तारीख. ही दुसरी तारीख सुरुवातीला रिकामी राहणार, म्हणून तिला रिकामं राहायची परवानगी द्या. शिवाय देवघेवीतून पुस्तकाकडे आणि सभासदाकडे बोट दाखवणाऱ्या दोन फॉरेन की.

फॉरेन की लिहिताना जँगो तुम्हाला अडवतं. ज्या नोंदीकडे बोट आहे ती पुसली गेली तर काय करायचं, हे सांगितल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नाही. २.० या आवृत्तीपासून हे उत्तर सक्तीचं आहे. कॅस्केड लिहिलं तर सभासद काढताच त्याच्या देवघेवीच्या सगळ्या नोंदीही जातील, न परतलेल्या पुस्तकाची नोंदसुद्धा. प्रोटेक्ट लिहिलं तर नोंदी शिल्लक असेपर्यंत सभासद काढताच येणार नाही. वाचनालयाला प्रोटेक्टच हवं. सभासदत्व संपलं तर तसा एक रकाना ठेवा, माणूस पुसू नका.

फ्रेमवर्कचा उपयोग मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. नवख्याला हा प्रश्न स्वतःहून पडलाच नसता, वर्षभराने नोंदी गायब झाल्यावर पडला असता. अनुभवी माणसाला प्रश्न माहीत असतो. त्याचा फायदा असा की सहकाऱ्याने काय ठरवलं ते एका ओळीत वाचता येतं, डेटाबेस उसकटून पाहावा लागत नाही.

मॉडेल लिहून झालं की मेकमायग्रेशन्स आणि मग मायग्रेट. पहिली आज्ञा बदलांची फाइल बनवते, दुसरी ते बदल डेटाबेसवर करते. २०१४ च्या १.७ आवृत्तीपासून ही सोय जँगोतच आहे. मायग्रेशनच्या फाइली गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात, ठेवा. नवशिके त्या कचरा समजून काढून टाकतात आणि मग दोन संगणकांवरचे डेटाबेस एकमेकांशी जुळेनासे होतात.

अनुभवींसाठी एक सूचना: पहिलं मायग्रेट चालवण्याआधीच स्वतःचं यूजर मॉडेल जोडून घ्या, आज ते रिकामं असलं तरी. पुढे यूजरनेमऐवजी फोन नंबरने लॉगिन हवं असं कार्यकारिणीने ठरवलं, तर चालू प्रकल्पात हा बदल करणं फार त्रासाचं असतं.

पायरी ३: अ‍ॅडमिन

जँगोत आतल्या माणसांनी माहिती भरायची पानं तयार मिळतात, त्यांना अ‍ॅडमिन म्हणतात. क्रिएटसुपरयूजर आज्ञेने सुपरयूजर, म्हणजे सगळं करता येणारं मुख्य खातं, उघडा आणि तिन्ही मॉडेल अ‍ॅडमिनच्या फाइलीत नोंदवा. एवढ्यावर पुस्तकं भरायचे, बदलायचे, काढायचे फॉर्म तयार मिळतात. मजकूर भरणारे पत्रकार वेगळे आणि वाचक वेगळे, ही वर्तमानपत्राची विभागणी अ‍ॅडमिनमध्ये जशीच्या तशी उतरली आहे. यादीत कोणते रकाने दिसावेत, कशावरून शोधता यावं, कोणती चाळणी असावी, हे लिस्ट डिस्प्ले, सर्च फील्ड्स आणि लिस्ट फिल्टर या तीन ओळींत सांगता येतं.

ग्रंथपालाला सुपरयूजर करू नका. ग्रुप, म्हणजे ठरावीक परवानग्या असलेला गट, बनवा: संध्याकाळी बसणाऱ्या मदतनिसाला देवघेव नोंदवता यावी, सभासद काढता येऊ नये. लहान वाचनालयाचं काम बऱ्याचदा इथेच भागतं आणि पुढच्या पायऱ्यांची घाई उरत नाही.

पायरी ४: वाचकांसाठी पानं

सभासदांना घरबसल्या पुस्तकांची यादी दिसावी असं वाटलं तर तीन तुकडे लागतात. यूआरएल सांगतं की कोणत्या पत्त्यावर काय दाखवायचं, व्ह्यू डेटाबेसमधून माहिती आणतो, टेम्प्लेट ती मांडतं. टेम्प्लेटमध्ये डेटाबेसचं काम करू नका. ही शिस्त पाळली की सहा महिन्यांनी आलेल्या नव्या माणसालाही काय कुठे आहे ते कळतं.

मराठी पुस्तकांची नावं पत्त्यात घालायचा मोह होईल. तो टाळा. जँगोचं स्लगिफाय, म्हणजे नावातून पत्त्याचा तुकडा बनवणारी सोय, मूळ सेटिंगमध्ये देवनागरी अक्षरं पूर्ण गाळतं. युनिकोड चालू केलं तरी काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरांचे हलन्त गळून पडतात, कारण पायथन त्यांना अक्षर मानत नाही. 'वाडा' चा 'वड' होतो, 'शेतकरी' चा 'शतकर'. पत्त्यात पुस्तकाचा क्रमांक वापरा आणि मोकळे व्हा.

दुसरी अडचण वेगाची. बाहेर असलेल्या २०० पुस्तकांची यादी दाखवताना प्रत्येक ओळीत पुस्तकाचं आणि सभासदाचं नाव छापलं, तर साध्या कोडमध्ये डेटाबेसला ४०१ क्वेरी, म्हणजे प्रश्न, जातात: एक यादीसाठी, २०० पुस्तकांच्या नावांसाठी, २०० सभासदांच्या. सिलेक्ट रिलेटेड ही एक सूचना दोन्ही फॉरेन कींसह जोडली की हेच काम एका क्वेरीत होतं. जँगो डिबग टूलबार बसवला तर हा आकडा पानाच्या कडेलाच दिसतो. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, येणाऱ्यांनी तिथली क्वेरी वाचावी, न येणाऱ्यांनी तर जरूर वाचावी. फ्रेमवर्क एसक्यूएल लिहिण्याचा त्रास वाचवतं, ते समजण्याची गरज मात्र राहतेच.

फॉर्म पाठवल्यावर ४०३ क्रमांकाची चूक आली तर बहुधा टेम्प्लेटमध्ये सीएसआरएफ टोकन, म्हणजे फॉर्म तुमच्याच साइटवरचा असल्याची खूण, टाकायचं राहून गेलेलं असतं. इंटरनेटवर ही तपासणी बंद करायचे सल्ले सापडतील. ते ऐकू नका, दुसऱ्या साइटवरून तुमच्या सभासदाच्या नावाने विनंती येऊ नये म्हणून ती आहे. पासवर्ड हॅश करून, म्हणजे मूळ शब्द परत काढता येणार नाही अशा रूपात, ठेवणं आणि टेम्प्लेटमध्ये आलेला परका एचटीएमएल मजकूर निरुपद्रवी करणं ही कामं जँगो न सांगता करतं.

पायरी ५: सर्व्हरवर चढवा

रनसर्व्हर फक्त तुमच्या संगणकापुरता. खऱ्या सर्व्हरवर गनिकॉर्नसारखा प्रोग्राम लावा आणि शक्य असेल तर एसक्यूलाइट या जँगोच्या मूळ सेटिंगमधल्या डेटाबेसऐवजी पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस वापरा. चुकांचा तपशील पानावर दाखवणारं डिबग हे सेटिंग बंद करा, नाहीतर चूक झाली की सेटिंग्जचा तपशील आणि कोडच्या ओळी कोणालाही दिसतील. सीक्रेट की, म्हणजे सेटिंग्जमधली साइटची गुप्त किल्ली, गिटमध्ये न ठेवता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे कोडबाहेर सर्व्हरवर ठेवलेल्या किमतीतून, घ्या. अलाउड होस्ट्समध्ये तुमचं डोमेन लिहा, ते राहिलं तर डिबग बंद केल्यावर साइट ४०० क्रमांकाची चूक दाखवते.

मग चेक ही आज्ञा डिप्लॉय या पर्यायासह चालवा. एचटीटीपीएस, कुकी, सीक्रेट की यांबाबत काय राहिलं त्याची यादी ती देते. प्रत्येक इशारा वाचा, समजला नाही तर त्याचा क्रमांक जँगोच्या दस्तऐवजात शोधा आणि सभासदांचे फोन नंबर त्यानंतरच भरायला घ्या.