घरच्या कॉम्प्युटरला ट्रोजनपासून कसं सांभाळावं

माझा मावसभाऊ लग्नपत्रिका छापतो. डीटीपीचं सगळं काम घरच्याच कॉम्प्युटरवर चालतं. एकदा त्यानं मराठी टायपिंगचं एक महागडं सॉफ्टवेअर 'फुल व्हर्जन, फुकट' बघून उतरवून घेतलं. झिप फाइलमध्ये सूचनांची छोटी टेक्स्ट फाइल होती. तिची पहिलीच ओळ: 'आधी अँटीव्हायरस बंद करा.' त्यानं केला. सॉफ्टवेअर झकास चाललं, पत्रिकाही वेळेवर गेल्या. तीन आठवड्यांनी त्याच्या ईमेलवरून गिऱ्हाइकांना भलत्याच फाइली जायला लागल्या, तेव्हा कुठे कळलं.

ट्रोजन म्हणजे सोंग घेऊन शिरणारा घातक प्रोग्राम, तो असाच येतो. कामाच्या वस्तूचं सोंग घेतो आणि दार आपल्याच हातानं उघडून घेतो. आत आला की गप्प बसतो, कारण त्याला मुक्काम करायचा असतो. २००७ साली उघडकीला आलेला झ्यूस नावाचा ट्रोजन लोकांचं बँकेचं लॉगिन असंच गुपचूप टिपायचा. ईमेलमधल्या वर्ड फाइलींतून पसरलेल्या इमोटेट या दुसऱ्या ट्रोजनची यंत्रणा युरोपोल ही युरोपीय संघाची पोलिस संस्था आणि अनेक देशांच्या पोलिसांनी जानेवारी २०२१ मध्ये मोडून काढली, तरी तो त्याच वर्षी नोव्हेंबरात परत आला. म्हणून बंदोबस्त आपल्या घरातच हवा. पुढचं सगळं विंडोज ११ धरून सांगतो.

पहिलं काम पाच मिनिटांचं. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं, त्यामुळे 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाइल तुम्हाला नुसती 'बिल डॉट पीडीएफ' दिसते, वर चिन्हही पीडीएफचंच. फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिचकी मारा. यापुढे बिल म्हणून आलेल्या फाइलीच्या शेवटी ईएक्सई, एससीआर, जेएस किंवा व्हीबीएस दिसलं तर ती उघडायची नाही.

दुसरं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, आणि तेच कोणी करत नाही. आपण रोज ज्या खात्यात बसतो ते बहुतेक घरांत अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असतं, म्हणजे तिजोरीची किल्ली दिवसभर कमरेला. 'सेटिंग्ज'मध्ये 'अकाउंट्स', मग 'अदर यूजर्स' इथे एक नवं खातं काढा, त्याला घसघशीत पासवर्ड द्या आणि 'चेंज अकाउंट टाइप'मधून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा. मग त्या नव्या खात्यात शिरून तुमचं जुनं खातं 'स्टँडर्ड यूजर' करा. क्रम उलटा करू नका. जुन्या फाइली, फोटो, फॉन्ट सगळं जागच्या जागी राहतं. फक्त यापुढे कुठलाही प्रोग्राम कॉम्प्युटरच्या मुळाशी हात घालायला निघाला की पासवर्ड मागितला जातो. तुम्ही काहीच बसवत नसताना ती खिडकी उघडली, तर 'नो' म्हणा. ब्राउझरमधले पासवर्ड मात्र स्टँडर्ड खात्यातूनही चोरले जाऊ शकतात, म्हणून बँकेचा पासवर्ड तिथे साठवू नका.

अलीकडे एक नवी चाल आली आहे. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणत एखादं पान विंडोज आणि आर ही बटणं दाबायला, मग कंट्रोल-व्ही करून एंटर मारायला सांगतं. असं केलंत की तुम्ही स्वतःच्या हातानं ट्रोजनची आज्ञा चालवता. खरी पडताळणी असं कधीच करायला लावत नाही. पान तिथल्या तिथे बंद करा.

शंका आली तर आधी इंटरनेट तोडा. मग 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'च्या 'मॅनेज सेटिंग्ज'मध्ये खाली 'एक्सक्लूजन्स' बघा. स्कॅननं कुठे बघायचंच नाही, त्याची ही यादी. मावसभावाच्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह होता! डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, चालू दिसत होता, पण आंधळा करून ठेवलेला. तुम्ही न घातलेली नोंद काढून टाका. मग 'स्कॅन ऑप्शन्स'मधून ऑफलाइन स्कॅन लावा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे ट्रोजनला लपायला फारसा वाव राहत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 'सायबर स्वच्छता केंद्र' साइटवर सफाईची साधनं मोफत मिळतात. दुसऱ्या मतासाठी ती वापरा.

ट्रोजन सापडला, तर पासवर्ड त्या कॉम्प्युटरवरून बदलू नका, मोबाइलवरून बदला. आधी ईमेलचा, मग बँकेचा, आणि प्रत्येक ठिकाणी 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट' करा, कारण चोरानं चालू लॉगिनच उचललेलं असू शकतं. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितकं लवकर कळवाल, तितकी ते अडवले जाण्याची शक्यता जास्त.

मावसभावानं शेवटी पत्रिकांच्या फाइली बाजूला काढून विंडोज नव्यानं टाकलं. आता तो युनिकोडमध्ये टाइप करतो, मराठी कीबोर्ड विंडोजमध्येच असतो.