मुंग्यांचा प्रयोग: आधी अंदाज लिहून घ्या

सहावी-सातवीच्या पोरांना प्रयोग म्हणजे काय हे फळ्यावर समजावत बसण्यापेक्षा सरळ मुंग्यांची रांग गाठा. कागदावर एक थेंब साखरेच्या पाण्याचा, एक साध्या पाण्याचा, आकार सारखा, रांगेपासून अंतरही सारखं, आणि मुंग्या यायच्या आधीच प्रत्येकाचा अंदाज वहीत लिहून घ्या, नाहीतर नंतर सगळेच म्हणतात मला माहीतच होतं. मग दर 2 मिनिटांनी मोजणी. खरी मजा पुढे आहे, गर्दी जमली की थेंबांची अदलाबदल करा, तरी काही मुंग्या जुन्याच जागी येत राहतात कारण मुंग्यांनी चालताना मागे सोडलेल्या वासाची वाट तिथेच असते, मग आपण नक्की चव तपासतोय की वाट? इथे उत्तर सांगून टाकू नका, कोरा कागद घेऊन पोरांनाच प्रयोग पुन्हा करू द्या. चावणाऱ्या लाल मुंग्या मात्र टाळाच.